हात्सुएच्या पायांखालची पेटी

किटलीचे झाकण खडखडले. दुकानाच्या मागच्या खोलीत दुपारपासून कोणी बोललेच नव्हते, त्यामुळे तेवढा आवाजही मोठा वाटला. हात्सुएबाईंनी डोळे उघडले, रॉकेलच्या शेगडीकडे पाहिले, प्लास्टरमधला डावा पाय माझ्या पाठीवर जरासा सरकवला आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. खोलीत आणखी तिघे जण होते, पण किटली उतरवायला कोणी उठले नाही.

मित्रांनो, तो पाय जिच्या पाठीवर टेकला होता ती मी. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. संत्र्यांची. माझ्या एका बाजूला शेतकऱ्याच्या नावाचा ठसा अजून पुसट दिसतो. तुम्ही म्हणाल, रिकाम्या पेटीला सांगण्यासारखे काय असणार? आहे. फक्त ऐकताना एक लक्षात ठेवा, मी स्वभावाने मत्सरी आहे. ते लपवून गोष्ट सांगितली तर ती अर्धीच होईल.

माझा जन्म जपानमधल्या याइझू बंदराच्या मागे जी संत्र्यांची टेकडी आहे, तिथे झाला. एका म्हाताऱ्याने खिळे तोंडात धरून एकेक करून मला ठोकले. थुंकीने ओला झालेला खिळा आत जाऊन थोडा गंजतो आणि गंजला की लाकडाला धरून बसतो. प्रत्येक फळीला दोन्ही टोकांना दोन दोन असे खिळे. मी दोन हिवाळे संत्री वाहिली. मग पुठ्ठ्याची खोकी आली. हलकी, गुळगुळीत, छापील चित्रांची. त्यांना पाहून मला आयुष्यात पहिल्यांदा पोटात जळल्यासारखे झाले. पुढे या भावनेशी माझी चांगली ओळख होणार होती.

शेवटच्या खेपेला मी संत्र्यांसकट तोकुजीच्या दुकानात आले. बंदराच्या रस्त्यावर त्याचे गाण्यांच्या तबकड्यांचे दुकान होते. संत्री खाऊन झाली, तोकुजीने मला पुसले आणि माझ्यात एन्काच्या तबकड्या भरल्या. एन्का म्हणजे बंदर सोडून गेलेल्या बोटींची, बर्फाची, न आलेल्या पत्रांची गाणी. रडण्याच्या सगळ्या तऱ्हा माझ्या पोटात उभ्या रचलेल्या होत्या. पण गाणे कसे असते, ते मला ठाऊक नव्हते.

ते कळले एका रविवारी. एक नवी गायिका दुकानासमोर गायला आली होती. एकोणीस वर्षांची, अंगावर उसना किमोनो, आणि उंची इतकी कमी की मासळी बाजारातून आलेल्या बायकांच्या गर्दीत ती पार बुडाली.

"आवाज येतोय, पण पोरगी कुठंय?" मागून एक बाई म्हणाली.

"पोरगी आहे," तोकुजी म्हणाला, "उंची मागाहून येतेय." त्याने माझ्यातल्या तबकड्या काउंटरवर काढल्या, मला उपडी केले आणि रस्त्यावर ठेवले. "चढ वर."

पायमोज्यातले एक छोटे पाऊल पुढे आले. अंगठ्याने माझी मधली फळी दोनदा चाचपली. मग ती चढली, वाकून नमस्कार केला, आणि गायली. ती हात्सुए. ते गाणे 'सातवी बोट'.

मित्रांनो, तेव्हापासून हात्सुए गात असताना तिचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. मी तिच्या पायांखाली होते. सगळ्या बंदराने तिचे डोळे पाहिले, त्यात येणारे पाणी पाहिले, आणि मला मिळाले तळवे. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटायचा. पण माझ्याकडे एक गोष्ट होती, ती त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हती. त्या गाण्यात एक बाई धक्क्यावर उभी राहून परतणाऱ्या बोटींचे दिवे मोजते. 'सहा दिवे मोजले मी, सातव्याला पाणी काळे.' या 'सातव्याला' शब्दावर हात्सुए क्षणभर थांबायची आणि मग आवाजाला अशी मुरकी द्यायची की बायका तोंडाला पदरासारखा रुमाल लावायच्या. त्या थांबण्याच्या आधी, अगदी एक श्वास आधी, तिचा अंगठा माझ्या मधल्या फळीत रुतायचा. आता मुरकी येणार, हे सगळ्या जगात सर्वांत आधी मला कळायचे.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर मागून बोललेल्या त्या बाईने हात्सुएला विचारले, "इतकं बर्फाचं, वादळाचं गातेस. बर्फ पाहिलायस कधी?"

"पाहिलाय," हात्सुए म्हणाली. "फ्रिजमध्ये."

नंतरची बारा-तेरा वर्षे आम्ही भटकलो. तोकुजीची गाडी, त्यात एक भोंगा, मी आणि हात्सुए. मासळीचे लिलाव संपले की तिथे, गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या खानावळीत, नव्या दुकानांच्या दारात. लोक तिला सुके मासे द्यायचे, मुळ्याचे लोणचे द्यायचे. कुणी म्हणायचे, "केवढीशी मूर्ती आणि केवढा आवाज." मला वाटायचे, त्या उंचीतली एक वीत माझी आहे. कोणी तसे म्हटले नाही.

एकदा तिला तोक्योच्या मोठ्या सभागृहात बोलावणे आले.

"पेटी घ्यायची ना?" हात्सुएने विचारले.

"वेडी की काय. तिथं मंच असतो," तोकुजी म्हणाला. "आरशासारखा."

मी गाडीत बसून राहिले. त्या मंचाला मी पाहिलेही नव्हते, तरी त्याचा जितका मत्सर केला तितका पुठ्ठ्याच्या खोक्यांचाही केला नसेल. ती परत आली तेव्हा तिने दार उघडून माझ्यावरच बसकण मारली आणि किती तरी वेळ पायमोजे उतरवत राहिली. "पाय कुठं रोवायचे तेच कळेना," ती म्हणाली. "सातव्याला मुरकी आलीच नाही, मालक." ती रडत होती, आणि मित्रांनो, मला आनंद झाला होता. तिला पुन्हा तिकडून बोलावणे आले नाही. तो आनंदही माझ्या मनातला एक खिळा आहे.

पुढे ऐकणारे म्हातारे झाले आणि तरुणांनी दुसरीकडे कान वळवले. तोकुजीच्या दुकानात बोटींवरचे तांडेल तेवढे कॅसेट घ्यायला येत. हात्सुए दुकानातच काउंटरला उभी राहू लागली, तिची हात्सुएबाई झाली. माझ्यात ओल्या छत्र्या उभ्या राहू लागल्या. माझे खिळे गंजले. पण मला तक्रार नव्हती. ती कोणाच्या मंचावर नव्हती, मीही कोणाच्या पायाखाली नव्हते. आम्ही दोघी बरोबरच विसरल्या गेलो होतो.

आणि मग कागारी आली.

माशांच्या डब्यांच्या कारखान्यात काम करणारी, सव्वीस वर्षांची, हाताला पाच वर्षांची मुलगी. मुलीचे नाव सुझुना. "बाई," कागारी दारातूनच म्हणाली, "मला 'सातवी बोट' शिकायची आहे."

"गावात कराओके आहे की."

"तिथं शब्द मिळतात. तुम्ही सातव्याला थांबता, ते तिथं मिळत नाही. माझ्या आजीच्या कॅसेटवर आहे ते. मी शंभरदा मागं घेऊन ऐकलंय."

"आणि मी शिकवेपर्यंत ही पोर कुठं राहणार?"

"ही इथं बसेल." कागारीने माझ्यातल्या छत्र्या बाजूला ठेवल्या, मला उपडी केले आणि सुझुनाला माझ्यावर बसवले. पोरीने लगेच माझ्या पाठीवर खडूने मासा काढला.

दीड वर्ष शिकवणी चालली. कागारी कारखान्यातली पाळी संपवून यायची, केसांना टुना माशाचा वास, आणि पोरीची वेणी घालता घालता तेच गाणे हळू आवाजात गुणगुणायची. वेणी संपेपर्यंत पोर पेंगायची. दिवे मोजणाऱ्या त्या बाईची कधी अंगाई होईल, असे कोणाला वाटले असते? मी म्हणत होते, असू दे, गुणगुणू दे. पण एका रविवारी दुकानासमोर मला पुन्हा रस्त्यावर नेले आणि माझ्यावर चढली ती कागारी. पांढऱ्या, जाड रबरी तळाच्या बुटांनी. त्या रबरातून मला काहीच कळेना. अंगठा नाही, बोटे नाहीत. मुरकी आली आणि गेली, आणि मला त्याची खबर गर्दीबरोबर लागली. इतका अपमान माझा छत्र्यांनीही केला नव्हता.

आणि गर्दी तरी कोणती. कॉलेजातली पोरे. एकाचे केस हिरवे. त्याने ते गाणे मोबाइलवर घेतले आणि सगळीकडे पाठवले. पुढच्या रविवारी तिप्पट माणसे आली, हातात इवलेसे दिवे घेऊन.

"तुमच्या वयाला हे आवडतं?" तोकुजीने त्या हिरव्या केसांच्या मुलाला विचारले. तोकुजी आता ऐंशीचा होता.

"आजोबा, आमची गाणी सारखी सांगतात, उठ, पुढं हो, जिंकून दाखव," तो म्हणाला. "ही बाई नुसती धक्क्यावर उभी आहे. कोणी तिला घरी जा म्हणत नाही. बरं वाटतं."

हात्सुएबाई काउंटरच्या मागून ऐकत होत्या. संध्याकाळी त्या तोकुजीला म्हणाल्या, "तिला सातव्याला अजून वळण येत नाही."

ते खोटे होते. वळण येत होते. बुटांतून मला कळत नसले तरी गर्दीचा श्वास मला कळत होता. पण बाई खोटे बोलल्या म्हणून त्या मला फार जवळच्या वाटल्या.

आता खरी गोष्ट येते. शरद ऋतूतल्या बंदराच्या उत्सवाला तोक्योहून तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा एक माणूस येणार होता. कागारी आवडली तर तो तिला घेणार होता. पण तिच्याकडे गाणे एकच, आणि ते तिचे नव्हते. या धंद्यात रीत आहे. गाणे ज्याच्या नावावर चालते त्याने लोकांसमोर 'घे' म्हटल्याशिवाय दुसऱ्याने ते आपले म्हणून मंचावर न्यायचे नाही. कायदा काय म्हणतो ते कोणी विचारत नाही, रीत विचारतात. बाई 'घे' म्हणाल्या तर कागारी गायिका. नाहीतर पुन्हा कारखाना आणि माशांचे डबे.

कागारीने तीनदा विचारले. तिन्ही वेळा बाई म्हणाल्या, "बघू."

"बघू बघू करता पोरीचे केस पिकतील," तोकुजी म्हणाला.

"पिकू देत. माझे पिकले तेव्हा कोणाला घाई नव्हती."

मित्रांनो, पेटीच्या हातात फार थोडे असते. कोणी उचलले तर जावे, ठेवले तर राहावे. पण खिळा धरून ठेवणे माझ्या हातात होते. माझ्या मधल्या फळीच्या एका टोकाचा एक खिळा केव्हाच पडला होता. दुसरा सैल झाला होता आणि मी तो कित्येक महिने लाकूड आवळून धरला होता. उत्सवाच्या सकाळी कोरडा वारा सुटला होता. मी मनात म्हटले, येऊ दे ते पांढरे बूट. आणि मी खिळा सोडला. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

ठरले असे होते की आधी कागारी गाईल, मग बाई दोन शब्द बोलतील. गर्दी जमली. तोक्योचा माणूस कडेला हाताची घडी घालून उभा. कागारी माझ्याकडे निघाली, तेवढ्यात बाई काउंटरमागून बाहेर आल्या. त्यांनी किमोनो नेसला होता. कधी नेसला कोणास ठाऊक.

"आधी मी," त्या म्हणाल्या.

"बाई?"

"माझं गाणं आहे. आधी मी."

पायमोज्यातले ते पाऊल पुढे आले. अंगठ्याने मधली फळी दोनदा चाचपली. इतक्या वर्षांनी. मी त्या क्षणी काय केले असेन तुम्हीच सांगा. मी सगळ्या अंगाने तो खिळा परत ओढू पाहिला. पण सोडलेला खिळा परत येत नाही. बाई चढल्या आणि गायल्या. आवाज जुना झाला होता, कडांना फाटलेला, पण सातव्याला येताना अंगठा रुतला आणि सगळा रस्ता गप्प झाला. हिरव्या केसांचा मुलगा दिवा हलवायचा विसरला. मी दुसऱ्या टोकाच्या दोन खिळ्यांवर त्यांचे सगळे वजन झेलत होते आणि म्हणत होते, आता उतरा, बाई, आता उतरा. गाणे संपले. त्या लवून नमस्कार करायला वाकल्या, वजन टाचांवर गेले, आणि फळी उलटली.

सगळ्यांत आधी पांढरे बूट धावत आले.

बाईंना दवाखान्यात नेल्यावर तोकुजीने मला लाथेने भिंतीशी सरकवले. "हिचं जळण करतो आज," तो म्हणाला.

"मालक, नको," कागारी म्हणाली. "बाईंचे पाय आहेत हिच्यात. घरी आल्यावर त्या हिलाच शोधतील." आणि कारखान्यातल्या कोणाकडून पेचकस मागून तिने मला चार नवे स्क्रू बसवले. तिच्या हाताला तोच टुना माशाचा वास होता. मी जिला पाडायला बसले होते तिने मला नीट केले. मित्रांनो, मला कोणी तोडले असते तरी इतके लागले नसते.

म्हणून किटली खडखडली त्या दुपारी आम्ही सगळे गप्प होतो. तोक्योचा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार होता, ते अखेरचे. कागारी गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. तोकुजी कॅसेटच्या डब्या उगाच पुसत होता. सुझुना चित्र काढत होती.

"कागारी," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

"हो, बाई."

"त्या दिवशी मी लोकांना काय सांगणार होते, ते तू विचारलं नाहीस."

"डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्हाला त्रास द्यायचा नाही."

"मी सांगणार होते, हे गाणं हात्सुएचं आहे आणि हात्सुएबरोबरच जाईल. वाकून झालं की तेच बोलणार होते. त्याआधीच पडले."

कागारीने मान खाली घातली. तोकुजी म्हणाला, "म्हणजे पेटीनं वेळेवर तोंड धरलं म्हणायचं तुमचं. शाबासकी द्यायला हवी हिला."

असली शाबासकी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

"गप्प बसा, मालक," बाई म्हणाल्या. "मी खाली पडले ना, तेव्हा डोळ्यांसमोर काय आलं, सांगू? तिचे ते बूट. आणि मनात काय आलं? काय मळकट बूट आहेत." त्या हसल्या, मग हसता हसता थांबल्या. "तिचा हात माझ्या डोक्याखाली होता आणि मी बूट बघत होते. तुझं गाणं ऐकून रविवारी सगळे जण रडायचे, कागारी. मीही रडायचे, पण मी रागानं रडायचे. एवढं एकच माझं होतं गं."

"ते तुमचंच आहे, बाई. मी कारखान्यात बरी आहे."

"खोटं बोलू नकोस. माझ्याकडून तेवढंच शिकलीस की काय? बूट काढ."

बाईंनी दोन्ही हातांनी आपला प्लास्टरमधला पाय माझ्यावरून उचलून उशीवर ठेवला. "चढ."

कागारी माझ्यावर उभी राहिली. अनवाणी. तळवे गार आणि खरखरीत, टाचांना भेगा. दिवसभर ओल्या फरशीवर उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय. ती गाऊ लागली आणि मी अंगठ्याची वाट पाहत राहिले. सहा दिवे मोजून झाले. अंगठा रुतला नाही. उलट टाचा वर झाल्या, सगळे वजनच क्षणभर हलके झाले, जणू ती उंच होऊन पाण्यापलीकडे काही दिसते का पाहत होती. हात्सुए दाबून वाट पाहायची. ही उचलून वाट पाहते. इतके दिवस मला ज्याचा हेवा वाटत होता ते गाणे बाईंची नक्कल नव्हतेच. मी चारही स्क्रूंनी तिला धरून ठेवले.

गाणे संपल्यावर बाईंनी कागारीच्या अनवाणी पायांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "असं मला कधी सुचलं नसतं." आणि तोंड भिंतीकडे करून, "घे. उद्या मी त्याला सांगते, आणि रविवारी लोकांना. पण महिन्यातून एकदा इथं येऊन गायचं. अनवाणी."

माझा मत्सर गेला का, असे विचाराल तर सगळा नाही गेला. पुढच्या महिन्यात कागारी तोक्योच्या त्या मंचावर उभी राहणार आहे, आणि मी आत्तापासूनच त्या मंचावर जळते आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल, एखादे जुने माणूस असेल. त्याचे खिळे अधूनमधून तपासत जा. छत्र्या ठेवायला जागा झाली म्हणून समजू नका की त्याला आता काही नको आहे. त्यालाही वाटते की आपल्यावर कोणी उभे राहावे, काही गावे. ते वाटणे बोलता आले नाही की आतल्या आत गंजते, आणि मग नको त्या वेळी सुटते.

त्या दुपारी शेवटी कागारीनेच किटली उतरवली आणि ती बाईंसाठी चहा करायला आत गेली. सुझुना माझ्यापाशी येऊन बसली, तिने माझ्या नव्या स्क्रूंवरून एकेक करून बोट फिरवले आणि माझ्या फळीला गाल लावला.

"आज तू आईला किती छान धरलंस," ती म्हणाली. "मग त्या दिवशी बाईआजीला का नाही धरलंस?"